औषध खिडकीवरचा हिशेब खरेदीपर्यंत पोहोचू द्या
बाह्यरुग्ण औषधसेवेतील नासाडी व दिरंगाई थांबवण्यासाठी मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, नाशिक
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, नाशिक
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
मा. आयुक्त, मालेगाव महानगरपालिका

विषय: शासकीय व महापालिका रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभागांत होणारी औषधांची, वेळेची आणि पैशाची नासाडी रोखण्याबाबत.

महोदय,

नाशिक जिल्ह्यातल्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत ओपीडीच्या औषध खिडकीवर आम्ही औषधनिर्माण अधिकारी म्हणून काम करतो, आणि हे पत्र आमच्या संघटनेच्या वतीने लिहीत आहोत. आमच्यात कायम नोकरीतले आहेत, कंत्राटावरचे आहेत, शहरातल्या मोठ्या रुग्णालयांतले आहेत आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आदिवासी पट्ट्यातलेही आहेत. डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी शेवटी आमच्या हातात येते. औषध असेल तर ते देतो आम्ही, आणि नसेल तर ‘बाहेरून घ्या’ हे सांगावे लागते तेही आम्हालाच. म्हणून हे मागणीपत्र आमच्या सेवाशर्तींपासून सुरू होत नाही, रुग्णापासून सुरू होते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसकट तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले. या निर्णयाचे आम्ही तेव्हाही स्वागत केले आणि आजही करतो. मात्र केसपेपर फुकट झाला आणि गोळी दुकानातून विकत आणावी लागली, तर गरिबाला उपचार फुकट मिळाले असे म्हणता येत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भार लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून उचलला. या खर्चातला मोठा हिस्सा औषधांवर जातो. सरकारी खिडकीवरून रिकाम्या हाताने परतणारा प्रत्येक रुग्ण या आकड्यात भर घालतो.

आमचे म्हणणे एका वाक्यात असे: आपल्या रुग्णालयांत तुटवडा आणि नासाडी एकाच मांडणीवर शेजारी शेजारी असतात, कारण खिडकीवर रोज काय लागते हा आकडा खरेदी ठरवणाऱ्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही. हा आकडा पोहोचवण्याची व्यवस्था उभी राहिली तर आज मिळणाऱ्या निधीतच कितीतरी जास्त रुग्णांना औषध देता येईल.

परिस्थिती काय आहे

जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाच्या औषध भांडारातले चित्र सांगतो. खालच्या मांडणीवर मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमची जागा रिकामी. मधुमेहाची ही सर्वांत साधी, सर्वांत जास्त लागणारी गोळी महिना निम्मा होण्याआधी संपलेली. वरच्या मांडणीवर मात्र एका सिरपचे खोके छतापर्यंत रचलेले. त्यांची मुदत तीन महिन्यांवर आलेली, आणि रोजच्या ओपीडीत त्याच्या फार तर दहा-बारा बाटल्या जाणाऱ्या. हे सिरप कोणी मागितले, असे विचारले तर कोणीच नाही. वर्षअखेरीस जे आले ते उतरवून घेतले, एवढाच त्याचा इतिहास. खिडकीपुढे पेठ तालुक्यातून पहाटेची एसटी पकडून आलेली एक आजी उभी. साठ-सत्तर किलोमीटर येऊन तिला तीन औषधांपैकी एक मिळाले, दोन बाहेरची लिहून दिली. तिने ती दुकानातून घेतली की नाही, हे आम्हाला कधी कळणार नाही.

हे एका रुग्णालयापुरते नाही, जिल्ह्यातल्या आमच्या बहुतेक सहकाऱ्यांना ते ओळखीचे वाटेल. त्याची कारणेही आम्हाला ठाऊक आहेत. मार्चअखेर निधी खर्च करण्याची घाई, मग एप्रिलमध्ये एकदम उतरणारा माल, त्यात शॉर्ट एक्सपायरीच्या बॅचेस, एकमेकांना न दिसणारे साठे, दर आठवड्याला परत बोलावले जाणारे जुनाट आजारांचे रुग्ण, आणि या सगळ्यावर एका खिडकीला एकच माणूस.

औषधखरेदीची व्यवस्था राज्यात अनेकदा बदलली. २०१७ पासून खरेदी हाफकिन महामंडळाकडे गेली. पुढे २०२३ च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. खरेदी कोणीही करो, ‘किती घ्यायचे’ या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयातूनच जायला हवे. ते चुकीचे गेले तर उत्तम खरेदी यंत्रणाही चुकीचेच औषध वेळेवर पोहोचवील.

आमच्या मागण्या

१. मागणी खऱ्या गरजेवरून ठरवावी, आणि न दिलेल्या औषधाचीही नोंद व्हावी.

आज बहुतेक ठिकाणी पुढच्या वर्षाची मागणी गेल्या वर्षीच्या वापरावरून काढली जाते. ही पद्धत वरवर बिनचूक दिसते, पण तुटवडा तिच्यात कायमचा घर करून बसतो. समजा, एका गोळीचा महिन्याचा खप दहा हजार आहे. वर्षात ती तीन महिने उपलब्धच नव्हती. नोंदवहीत वर्षाचा वापर नव्वद हजार दिसतो. पुढच्या वर्षी नव्वद हजार मागवल्या की पुन्हा नऊ महिने पुरतात आणि तीन महिने खिडकीवर ‘नाही’ म्हणावे लागते. गरज एक लाख वीस हजारांची होती, ही गोष्ट कागदावर कुठेच उमटत नाही.

म्हणून प्रत्येक खिडकीवर ‘लिहिले पण दिले नाही’ अशी रोजची नोंद सक्तीची करावी. औषधसाठ्याच्या ई-औषधी संगणक प्रणालीत त्यासाठी रकाना असावा, आणि तो होईपर्यंत साधी वही चालेल. महिन्याचा वापर काढताना औषध नसलेले दिवस वगळून सरासरी धरावी. रक्तदाब व मधुमेहाच्या औषधांची मागणी नोंदलेल्या रुग्णसंख्येवरून आणि ठरलेल्या उपचारपद्धतीवरून काढावी. २०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे आपल्या राज्यातले पहिले जिल्हे होते. मोजकी औषधे, ठरलेली उपचारपद्धती आणि रुग्णनोंदीवरून मागणी हाच त्या उपक्रमाचा कणा आहे. ही पद्धत आपल्या राज्याला नवी नाही, ती ओपीडीच्या प्रत्येक जुनाट आजाराला लावावी एवढेच आमचे म्हणणे आहे.

वार्षिक मागणीवर सही होण्याआधी त्या रुग्णालयाच्या औषधनिर्माण अधिकाऱ्याचा लेखी अभिप्राय बंधनकारक असावा.

२. माल टप्प्याटप्प्याने यावा आणि त्याची पुरेशी मुदत शिल्लक असावी.

वर्षाचा साठा एका ट्रकातून उतरला की तो ठेवायला जागा नसते, मोजायला माणसे नसतात, आणि आधी मुदत संपणारे औषध आधी बाहेर काढण्याचा नियम पाळणे अशक्य होते, कारण जुने खोके नव्या खोक्यांच्या मागे दबतात. पुरवठा तिमाही हप्त्यांत व्हावा. रुग्णालयात माल उतरेल त्या दिवशी औषधाच्या एकूण आयुष्याचा किमान तीन चतुर्थांश भाग शिल्लक असावा, ही अट निविदेतच घालावी. कमी मुदतीचा माल लेखी कारण देऊन नाकारण्याचा अधिकार भांडारप्रमुखाला द्यावा आणि त्या अधिकाऱ्यामागे प्रशासनाने उभे राहावे. जिल्हा नियोजन समितीकडून औषधांसाठी मिळणारा निधी वर्षाच्या सुरुवातीलाच वितरित झाला तर मार्चची घाई आपोआप ओसरेल.

१९९४ साली स्थापन झालेल्या तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाने प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिले. रुग्णालयाच्या नावावर ठरावीक रक्कम असते, आणि गोदामातून लागेल तेव्हा लागेल तेवढे औषध उचलले की ती तेवढी कमी होते. जे लागत नाही ते उचलण्याची सक्ती नसते. नाशिक विभागात जिल्हा औषध भांडारापासून असा प्रयोग सुरू करावा.

३. चारही यंत्रणांचे साठे एकमेकांना दिसावेत आणि हलवता यावेत.

एका जिल्ह्यात चार वेगळ्या यंत्रणा औषधे सांभाळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, शहरी रुग्णालये व दवाखाने महापालिकांकडे, आणि वैद्यकीय शिक्षणाच्या संस्था त्या विभागाकडे. एका आवारातून दुसऱ्या आवारात चालत जाता येते, पण औषधाचे खोके जात नाही, कारण लेखाशीर्ष वेगळे, प्रणाली वेगळी आणि परवानगी मुंबईची. परिणामी एका ठिकाणी औषधाची मुदत संपत असताना दुसऱ्या ठिकाणी तेच औषध रुग्ण दुकानातून विकत घेत असतो.

मुदतीला सहा महिने उरलेल्या आणि येत्या तीन महिन्यांत न संपणाऱ्या प्रत्येक औषधाची यादी दर महिन्याच्या पाच तारखेला जिल्हास्तरावर प्रसिद्ध व्हावी. ज्याला गरज आहे त्याने मागावे आणि आठ दिवसांत हस्तांतर व्हावे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समन्वय समिती नेमून, आंतरविभागीय हस्तांतराची एकदाच कायमस्वरूपी परवानगी द्यावी. जिल्हा औषध भांडाराच्या वाहनाची तालुकानिहाय फेरी महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी व्हावी. त्याच फेरीत येताना जास्तीचे औषध उचलता येईल. आज प्रत्येक रुग्णालय आपापली गाडी किंवा खासगी टेम्पो शोधत बसते.

४. स्थिर प्रकृतीच्या जुनाट रुग्णांना एका वेळी किमान ३० दिवसांची औषधे द्यावीत.

साठा कमी पडतो म्हणून अनेक ठिकाणी रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या रुग्णाला सात दिवसांचीच औषधे मिळतात. सात दिवसांच्या हिशेबाने एक रुग्ण वर्षाला ५२ वेळा खिडकीवर येतो, महिन्याच्या हिशेबाने १२ वेळा. अशा शंभर रुग्णांच्या वर्षातल्या चार हजार फेऱ्या वाचतात. चार हजार वेळा रांग, चार हजार वेळा नोंद, चार हजार वेळा डॉक्टरांच्या टेबलावरचा वेळ. गोळ्या तेवढ्याच लागतात, कमी होते ती गर्दी. ७५ वर्षांपुढच्या आजोबांना एसटीचा प्रवास मोफत आहे, महिलांना निम्मे तिकीट आहे, पण आजोबांना घेऊन येणाऱ्या मुलाची द्राक्षबागेतली किंवा कांद्याच्या खळ्यावरची रोजंदारी बुडते ती कोणी भरून देत नाही. हा खर्च टाळण्यासाठी रुग्ण एक-दोन आठवडे गोळ्याच चुकवतो, आणि मग पक्षाघाताने अतिदक्षता विभागात येतो.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: जास्त दिवसांची औषधे दिली आणि मध्येच उपचार बदलला तर उरलेल्या गोळ्या वाया जातात. म्हणून ही सोय नव्या रुग्णाला नको. सलग तीन भेटींत ज्याचा रक्तदाब किंवा साखर आटोक्यात आहे आणि ज्याचे औषध बदललेले नाही, त्यालाच ती असावी. येताना उरलेल्या पट्ट्या आणण्याची सवय लावावी, म्हणजे गोळ्या खरोखर घेतल्या जातात का, हेही कळेल. ऑस्ट्रेलियाने १ सप्टेंबर २०२३ पासून ठरावीक औषधांचा ६० दिवसांचा साठा एकदम देणे सुरू केले. आपल्याकडे एआरटी केंद्रांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या रुग्णांना अनेक महिन्यांची औषधे एकदम देऊन कोविडच्या काळात उपचार तुटू दिले नाहीत. शिस्त आणि नोंद असेल तर हे आपल्या रुग्णालयांत होऊ शकते, हे त्या केंद्रांनी दाखवून दिले आहे.

५. खिडक्या, माणसे आणि वेळ.

एका खिडकीवर सकाळच्या चार तासांत तीनशे चिठ्ठ्या आल्या, तर एका रुग्णाच्या वाट्याला ४८ सेकंद येतात. चिठ्ठीत चार औषधे असतील तर एका औषधाला १२ सेकंद. या १२ सेकंदांत चिठ्ठी वाचायची, औषध काढायचे, मुदत पाहायची, मोजायचे, नोंद करायची आणि कसे घ्यायचे तेही समजावायचे. इतक्या घाईत समजावणे गळते, आणि न समजलेले औषध घरी जाऊन पडून राहते किंवा चुकीचे घेतले जाते. भांडारात मुदत संपलेल्या औषधाची निदान नोंद होते. घरी वाया गेलेल्या औषधाची कुठेच होत नाही.

फार्मसी अधिनियम, १९४८ च्या कलम ४२ नुसार नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच औषध द्यायचे आहे. फार्मसी व्यवसाय विनियम, २०१५ नुसार रुग्णाला सल्ला देणे हे आमचे कर्तव्य आहे. कायद्याने दिलेले काम करायला माणसे द्यावीत, ही आमची मागणी आहे. सर्व रिक्त पदे भरावीत, कंत्राटी सहकाऱ्यांना समान कामाचे समान वेतन द्यावे, आणि खिडक्यांची संख्या मंजूर खाटांवरून न ठरवता रोजच्या ओपीडीवरून ठरवावी. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात ज्येष्ठ, दिव्यांग व गरोदर महिलांसाठी एक आणि जुनाट आजारांच्या पुनर्भरणासाठी एक स्वतंत्र खिडकी असावी. टोकन आणि बसायला बाकडी हवीत. औषध काढणारा आणि देणारा असे दोघे असतील तिथे दुसऱ्या नजरेची तपासणी आपोआप होते.

६. चिठ्ठी वाचता यावी आणि यादीतली असावी.

औषधाचे नाव जेनेरिक आणि सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे भारतीय वैद्यकीय परिषदेने २०१६ सालीच सांगितले आहे. डॉक्टर सहकाऱ्यांवर बोट ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. शंभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांची घाई आम्हाला समजते. त्यांना आज भांडारात काय आहे हेच माहीत नसते, म्हणून नसलेले औषध लिहिले जाते आणि रुग्ण पुन्हा त्यांच्याच रांगेत जातो. रोज सकाळी ओपीडी सुरू होण्याआधी उपलब्ध औषधांची यादी प्रत्येक तपासणी कक्षात पोहोचावी. नसलेल्या औषधाला पर्याय कोणता, हे औषध व उपचार समितीने आधीच ठरवून द्यावे. ही समिती कागदावर न राहता दर महिन्याला बसावी आणि तिचे सचिवपद औषधनिर्माण अधिकाऱ्याकडे असावे.

समितीने दरमहा किमान ३० चिठ्ठ्या तपासाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली ठरवून दिलेल्या निर्देशकांत सगळे आले: एका चिठ्ठीत सरासरी किती औषधे, किती जेनेरिक नावाने, किती चिठ्ठ्यांत प्रतिजैविक, किती चिठ्ठ्यांत इंजेक्शन, किती औषधे यादीतली, लिहिलेल्यापैकी प्रत्यक्ष दिली किती, आणि रुग्णाला मात्रा सांगता आली का. हे आकडे रुग्णालयाच्या फलकावर लावावेत.

७. पाकिटे, पट्ट्या आणि मराठी सूचना.

दहा गोळ्यांच्या पट्टीतून सहा गोळ्या द्यायच्या तर कात्री चालवावी लागते. मुदत आणि बॅच पट्टीच्या एकाच टोकाला छापलेली असते. कापलेल्या दोन तुकड्यांपैकी एकावर काहीच उरत नाही. तो तुकडा रुग्णाला दिला तर त्याला मुदत कळत नाही, भांडारात ठेवला तर आम्हाला कळत नाही, आणि असे बेवारस तुकडे शेवटी टाकावेच लागतात. निविदेतच प्रत्येक गोळीमागे मुदत छापण्याची अट घालावी, आणि प्रतिजैविकांच्या पट्ट्या तीन किंवा पाच दिवसांच्या उपचाराला जुळतील अशा आकाराच्या मागवाव्यात. लहान मुलांच्या औषधांच्या छोट्या बाटल्या घ्याव्यात.

औषध कागदाच्या पाकिटात द्यावे. त्यावर मराठीत औषधाचे नाव, सकाळ-दुपार-रात्र यांची सूर्य-चंद्राची चित्रे, आणि जेवणाआधी की नंतर, एवढे छापलेले असावे. सुरगाणा-पेठ भागात सूचना कोकणी बोलीत सांगू शकणाऱ्या आशाताईंची ओपीडीच्या वेळी मदत मिळावी.

८. रेबीज लसीची कुपी वाया जाऊ नये.

त्वचेत देण्याच्या पद्धतीत एका रुग्णाला एका वेळी ०.२ मिलिलिटर लस लागते. अर्ध्या मिलिलिटरची कुपी दोघांना पुरते, एक मिलिलिटरची पाच जणांना. उघडलेली कुपी सहा ते आठ तासांत संपवावी लागते. पहिला डोस कोणाचाही, कधीही, एक तासही पुढे ढकलू नये. तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या डोसांना मात्र त्याच दिवशी ठरावीक वेळ दिली, तर एका कुपीत अनेकांचे काम होईल.

९. साठवण.

मालेगावचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो आणि अनेक भांडारांवर पत्रे आहेत. बहुतेक गोळ्या ३० अंशांखाली ठेवायच्या असतात, इन्सुलिन २ ते ८ अंशांत. प्रत्येक भांडारात तापमापक, दोन वेळची नोंद, फॅन-वातानुकूलन आणि फ्रिजला वीज गेल्यावर चालणारी पर्यायी व्यवस्था असावी.

१०. दर्जाची खात्री झाल्याशिवाय औषध खिडकीवर येऊ नये.

नागपूर जिल्ह्यात आणि अंबाजोगाईत शासकीय रुग्णालयांना बनावट प्रतिजैविके पुरवली गेल्याचे उघड झाले. बनावट औषधाइतकी मोठी नासाडी दुसरी नाही, कारण त्यात पैसा तर जातोच, रुग्णाचा आजारही बळावतो. तामिळनाडूत प्रत्येक बॅचचा नमुना प्रयोगशाळेत तपासून मगच माल वाटला जातो. आपल्याकडे, विशेषतः स्थानिक खरेदीत, हीच शिस्त यावी.

११. मुदतबाह्य औषधांबद्दल निर्भय नोंद आणि योग्य विल्हेवाट.

औषधाची मुदत संपली की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि तो बहुधा भांडारातल्या कर्मचाऱ्याच्या नावावर पडतो, मग ते औषध त्याने मागवलेले असो वा नसो. या भीतीपोटी काही जण मागणीच कमी करतात आणि तुटवडा वाढतो. काही ठिकाणी मुदत संपत आलेले औषध गरज नसताना संपवण्याचा दबाव येतो, जो आम्ही कदापि मान्य करणार नाही. निर्लेखनाच्या प्रस्तावात कारण स्पष्ट लिहिले जावे: न मागता आले, कमी मुदतीत आले, उपचारपद्धती बदलली, की सांभाळण्यात हयगय झाली. हयगय असेल तर कारवाई करावी. इतर कारणांत दोष मागणी आणि पुरवठ्याच्या पद्धतीत आहे, तो तिथे दुरुस्त व्हावा. सर्पदंशावरच्या प्रतिविषासारखी जीवरक्षक औषधे न वापरताही मुदत संपू शकतात. ती ठेवणे हे कर्तव्य आहे, त्यांच्या निर्लेखनाला नासाडी म्हणू नये.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार मुदतबाह्य औषधे पिवळ्या प्रवर्गात जातात. निर्लेखन समित्या वेळेवर बसत नाहीत म्हणून खोकी वर्षानुवर्षे जागा अडवतात. ही समिती दर तिमाहीला बसावी. घरोघरी उरलेली औषधे नाल्यात आणि शेवटी गोदावरीत जाऊ नयेत, यासाठी प्रत्येक मोठ्या रुग्णालयात कुलूपबंद संकलन पेटी ठेवावी. केरळने असा उपक्रम सुरू केला आहे. पेटीतली औषधे कोणत्याही परिस्थितीत पुन्हा वाटली जाऊ नयेत.

१२. सिंहस्थ २०२७ ची औषधखरेदी आजपासून आखावी.

कुंभमेळ्यात काही आठवड्यांपुरती गरज कित्येक पटींनी वाढते आणि नंतर एकदम खाली येते. सगळा माल आधी एकदम आणला तर पर्वण्या झाल्यावर नाशिकची भांडारे पुढे वर्षभर तोच माल वागवतील. ओआरएस, जुलाब-उलटी, ताप, जखमा आणि श्वसनविकारांवरची औषधे स्वतंत्र यादीने, टप्प्यांत, न उघडलेली खोकी परत घेण्याच्या अटीवर घ्यावीत. उरलेला साठा कोणत्या जिल्ह्यांना कधी जाईल, हे आधीच लिहून ठेवावे.

आमची बाजू

मागण्या करताना आम्हीही बांधील होत आहोत. ‘लिहिले पण दिले नाही’ ही नोंद आमचे सभासद पुढच्या महिन्यापासून स्वतःहून ठेवतील. सहा महिन्यांच्या मुदतीची यादी दरमहा वेळेवर देतील. रुग्णाला औषध समजावून सांगण्याचे, मराठी पाकिटांचा मजकूर तयार करण्याचे आणि चिठ्ठ्यांच्या तपासणीचे प्रशिक्षण आम्ही विनामोबदला घेऊ. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. विद्यापीठाने या बदलांचा अभ्यास करावा, आमचे आकडे आम्ही खुले करू. आमच्याच एखाद्या सभासदाच्या हयगयीने औषध वाया गेले असेल, तर संघटना त्याची पाठराखण करणार नाही.

खर्चाचे म्हणाल, तर पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या मागणीला आदेशापलीकडे फारसे काही लागत नाही. दुसरी, चौथी, सातवी आणि बारावी या निविदेच्या अटी आणि नियोजनाच्या गोष्टी आहेत. अकराव्या मागणीत कुलूपबंद पेट्यांपुरताच खर्च आहे. खरा खर्च पाचव्या, नवव्या आणि दहाव्या मागणीला आहे, आणि तो वाचलेल्या औषधांच्या किमतीशी ताडून पाहावा.

वेळापत्रक

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत: संयुक्त बैठक, समन्वय समितीची स्थापना, न दिलेल्या औषधांच्या नोंदीचा आदेश, आणि रोजची उपलब्धता यादी.
९० दिवसांत: मुदतीच्या जिल्हा यादीवरून हस्तांतर सुरू, निर्लेखन समितीची पहिली बैठक, एका उपजिल्हा रुग्णालयात व एका महापालिका रुग्णालयात ३० दिवसांच्या औषधांची स्वतंत्र खिडकी, आणि सिंहस्थाची औषधयादी.
पुढील आर्थिक वर्षाच्या मागणीआधी: नव्या पद्धतीने काढलेली वार्षिक मागणी, निविदेत मुदत व पाकिटांच्या अटी, रिक्त पदांचा प्रस्ताव.

या काळात रुग्णसेवा थांबेल असे कोणतेही आंदोलन आम्ही करणार नाही. खिडकी बंद ठेवली तर त्रास त्याच रुग्णाला होतो ज्याच्यासाठी हे पत्र लिहिले आहे. ३० दिवसांत बैठक झाली नाही, तर आमच्या नोंदवहीतले न दिलेल्या औषधांचे आकडे, कोणाचेही नाव न घेता, जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींपुढे आणि नागरिकांपुढे ठेवू. बैठकीची तारीख आपण कळवावी. आमचे प्रतिनिधी नोंदी घेऊन हजर राहतील.

आपले विश्वासू,

अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सरचिटणीस
(संघटनेच्या सर्व सभासदांच्या वतीने)

प्रत माहितीसाठी: मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, मा. उपसंचालक, आरोग्य सेवा, नाशिक मंडळ. जिल्ह्यातील सर्व मा. खासदार व आमदार.